फ्रिजवाले सर

सर फ्रिज दुरुस्त करतात असंच त्यांच्या गावात, अंबडला, सगळ्यांना वाटायचं. तसं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. जालन्यात एका दवाखान्यात थंड करायच्या मशीनवर कामाला आहे, एवढंच ते म्हणायचे आणि पुढचं गावाने आपल्या मनाने जुळवलं. मग लोक खरोखरच त्यांच्याकडे बिघडलेले फ्रिज घेऊन यायला लागले. दुसऱ्या कुणी खुलासा केला असता. सरांनी पाने-पकडी विकत आणल्या, चार रविवार एका ओळखीच्या मिस्त्रीकडे बसून शिकून घेतलं आणि फ्रिज दुरुस्त करून द्यायला लागले. मी एकदा विचारलं, "सर, खरं का नाही सांगत?" तर म्हणाले, "काय सांगू ताई? माणसांची हृदयं थांबवतो म्हणून? माझ्या पोरीला स्थळ यायचं न्हाई."

पण खरं काम तेच होतं. नवीन जालन्यातल्या एका खासगी दवाखान्यात हृदयाची ऑपरेशनं होतात. तिथे ऑपरेशनच्या वेळी हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम करणारं जे मशीन असतं, ते सर चालवायचे. ते काम शिकून मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. पहिल्या दिवसापासून ते मला 'ताई' आणि 'तुम्ही' म्हणत. मशीनलाही तुम्हीच म्हणत. "आज तुम्ही आवाज करून राह्यले," असं त्याच्या रक्त ढकलणाऱ्या चाकाला म्हणताना मी ऐकलं आणि क्षणभर मला वाटलं, माझंच काही चुकलं.

मे महिन्यात, जालन्याचा डांबरी रस्ता चपलेला चिकटत असताना, ते राखाडी स्वेटर घालून एस्टी स्टँडपासून पायी येत. ऑपरेशन थिएटर थंड असतं हे खरं, पण रस्ता थंड नसतो. विचारलं तर म्हणत, "दिवसातून चार डाव काढायचं आणि घालायचं, कामून?" त्यांचं असलं बोलणं शहाणपणाचं आहे की नुसतंच विक्षिप्त, हे मला तेव्हा ठरवता यायचं नाही. आजही येत नाही.

कुणी 'हृदय बंद पडलं' म्हटलेलं त्यांना खपत नसे. बायपाससाठी हृदय थांबवावं लागतं. रक्त मशीनमधून फिरत राहतं, पण खुद्द हृदयाकडे जाणारं रक्त डॉक्टर चिमटा लावून अडवतात. आता ते उपाशी. धडधडत उपाशी राहिलं तर त्याचं मांस मरतं. म्हणून त्याच क्षणी पोटॅशियम घातलेलं बर्फासारखं गार औषध आत सोडायचं, की ते शांत होतं, काही खर्च करत नाही आणि तगतं. दर वीस मिनिटांनी पुन्हा थोडं द्यायचं. एका नव्या सिस्टरने पडद्यावरची सरळ रेघ पाहून "बंद पडलं" म्हटलं, तर सर मशीनमागून म्हणाले, "बंद पडती ती एस्टी, सिस्टर. आपण थांबवलंय. फरक हाय."

हा फरक मला समजावून सांगायला त्यांनी एक अजब उपाय केला. एका दुपारी मला स्कूटरवर मागे बसवून एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या कोठारात नेलं. त्यांचा चुलतभाऊ तिथे पहारेकरी होता. त्याने थंड खोलीचं दार उघडून दिलं. आत पोत्यांच्या थप्प्या. सरांनी कपाशीचं बी माझ्या हातावर ठेवलं.

"मेलंय का हे?"

"नाही सर."

"जित्तं हाय?"

जिवंत म्हणावं तर त्यात काहीच हलत नव्हतं. मी मोसंबी-कपाशीच्या घरातली. जन्मभर बी पाहिलेलं, पण असा प्रश्न कधी पडला नव्हता.

"मलाबी ठाऊक न्हाई," सर म्हणाले. "पण याला जपावं लागतं एवढं ठाऊक हाय. चला, थंडी वाजून राह्यली." ते स्वेटरमध्ये होते. मी सुती ड्रेसमध्ये कुडकुडत होते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चार वाजता सर पेशंटला भेटायला जात. आपण कोण हे सांगत नसत. खाटेशेजारी उभं राहून दोनच गोष्टी विचारत, जेवण झालं का आणि सध्या कुणाशी अबोला आहे का. दुसऱ्या दिवशी थिएटरमध्ये माझ्या कानाशी एक आकडा सांगत. औषध सोडल्यावर हृदय किती सेकंदांत थांबेल, त्याचा. निम्म्या वेळा तो आकडा बरोबर यायचा. मी त्यातला नियम शोधायचा प्रयत्न केला. अबोला असलेली माणसं उशिरा थांबतात म्हणावं तर भावाशी वीस वर्षं न बोललेला एक गृहस्थ पंचवीस सेकंदांत थांबला. सरांना विचारलं तर म्हणाले, "मी अंदाजानं सांगतो हो. तुम्ही लिहून काय ठेवता?"

एका बाबतीत मात्र ते अंदाजाने वागत नसत. औषधाची पिशवी तयार करताना तिच्यात पोटॅशियमच्या अँपूल, म्हणजे काचेच्या लहान कुप्या, फोडून ओताव्या लागतात. रिकाम्या अँपूल सर ट्रेमध्ये ओळीने उभ्या करायला लावत आणि पेशंट खोलीबाहेर जाईपर्यंत त्या ओळीला कुणी हात लावायचा नाही. "डोक्याचा भरोसा न्हाई. काचेचा हाय," म्हणत.

जांब समर्थकडच्या एका खेड्यातल्या शाळेच्या बाई होत्या, पन्नाशीच्या. त्यांच्या बायपासच्या दिवशी पिशवी मी भरली. भरत असताना सिस्टरने रक्ताची पिशवी तपासायला मला हाक मारली. मी गेले, आले, औषधाची पिशवी लटकवली. अँपूल फोडल्याचा आवाज मला आठवतो. तो त्याच दिवशीचा की आदल्या दिवशीचा, हे आठवत नाही. रोज तेच काम केलं की दिवस एकमेकांत मिसळतात.

डॉक्टरांनी चिमटा लावला. सरांनी औषध सोडलं. माझ्या कानाशी म्हणाले, "चाळीस."

चाळीस झाले. साठ झाले. पडद्यावरची रेघ वळवळतच होती. नव्वदला डॉक्टर ओरडले, "काय चाललंय? थांबत नाहीये! पिशवी कुणी भरली?"

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, मी उघडलं होतं. पण माझ्याआधी सर बोलले, एस्टीची वेळ सांगावी तितक्या सहज.

"मी भरली, डॉक्टर. माझ्याकडून राह्यलं. दुसरी देऊन राह्यलो."

सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर गेल्या आणि ओरडणं थांबलं. सरांनी माझ्याकडे न बघता नवी पिशवी घेतली, अँपूल फोडल्या, नळी जोडली. त्याच वेळी डॉक्टरांचे हातही छातीत काहीतरी करत होते. काय, ते मला मधल्या कापडामुळे दिसलं नाही. अर्ध्या मिनिटात रेघ सरळ झाली.

ऑपरेशन पार पडलं. पण चिमटा काढल्यावर बाईंचं हृदय नीट उठेना. तीनदा शॉक द्यावा लागला. पाच दिवस त्या औषधांच्या आधारावर अतिदक्षता विभागात होत्या आणि ते पाच दिवस मला अन्न गेलं नाही. पहिल्याच दुपारी मी थिएटरमध्ये परत जाऊन ट्रे शोधला. रिकाम्या अँपूल मोजल्या की कळणार होतं. ट्रे धुऊन पालथा ठेवलेला होता. सिस्टर म्हणाली, "पेशंट आत असतानाच तुमच्या सरांनी सगळं डब्यात टाकलं की. त्यांना काय झालं आज?"

दवाखान्याने सरांकडून चूक कबूल केल्याचं लिहून घेतलं आणि घरी बसायला सांगितलं. जाताना ते मला एवढंच म्हणाले, "तिसऱ्या चाकाकडं ध्यान ठेवा. आवाज वाढून राह्यला." मी "हो सर" म्हटलं. याहून दुसरं काही बोलायची ती वेळ होती आणि मी बोलले नाही. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी अडचण अशी की मी कबूल तरी काय करणार होते? मला ठाऊकच नव्हतं. ज्या चुकीची खात्री नाही ती कबूल करता येत नाही आणि ती विसरताही येत नाही. मी नुसती मशीनवर उभी राहत होते.

बाई बऱ्या झाल्या. दोन महिन्यांनी पेढे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ते स्वेटरवाले दादा कुठं हाईत? आदल्या दिवशी मला विचारायला आल्ते, जेवलात का म्हणून. घरच्यांनीबी विचारलं नव्हतं हो."

"रजेवर आहेत," मी म्हटलं.

माझंच ते वाक्य मात्र मला सहन झालं नाही. पुढच्या रविवारी मी अंबडची एस्टी धरली.

कोर्टाजवळच्या गल्लीत सरांनी दुकान टाकलं होतं. दारात पाच-सहा फ्रिज, दारं उघडी टाकून उभे. सर एका फ्रिजच्या मागे आडवे झाले होते. स्वेटर होताच. मला पाहून उठले नाहीत. "या ताई. ती बॅटरी धरा जरा. उजेड खाली."

मी बॅटरी धरली आणि त्यांच्या पायांकडे बघून बोलले. चेहरा समोर नव्हता म्हणूनच जमलं असेल. "सर, पिशवी मी भरली होती. अँपूल टाकल्या की नाही, मला आठवत नाही."

"बरं."

"बरं काय? मग तुम्ही तसं का म्हणालात?"

"कुणीतरी जल्दी म्हणायला पाह्यजे होतं," फ्रिजमागून आवाज आला. "डॉक्टर विचारून राह्यले कुणी भरली, तुम्ही रडायच्या बेतात, सिस्टर माझ्याकडं बघून राह्यली. तिकडं बाईंचं मांस उपाशी. चूक माझी म्हणलं की भांडण मिटतं, हात मोकळे होतात. दहा सेकंद वाचले. न्हाई वाचले?"

"पण नोकरी गेली तुमची!"

"ते नंतरचं. तवा एवढं सुचलं न्हाई."

हे इतकं सरळ होतं की मला पटलं. बॅटरी धरून हात अवघडला तेव्हा दुसरा प्रश्न सुचला. "आणि मग अँपूल का टाकून दिल्या? तुम्हीच तर कुणाला हात लावू देत नव्हता."

पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "चहा घेता का? समोरचा बरा असतो." चहा आला. ते कंप्रेसरबद्दल बोलत राहिले. मी संध्याकाळच्या एस्टीने परत आले तेव्हा गेले होते त्याहून जास्त गोंधळलेली होते. दहा सेकंद वाचवण्यासाठी चूक अंगावर घेतली हे समजलं. पण नंतर पुरावा मोडला तो कुणासाठी? त्यांना माझी चूक दिसली होती की स्वतःची?

त्यानंतर वर्षभराने सरांच्याच छातीत कळ आली. हृदयाच्या तीन नळ्या बंद. संभाजीनगरला जा, पुण्याला जा, असं सगळ्यांनी सांगितलं. ते काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, घेऊन आमच्याच दवाखान्यात आले. म्हणाले, "इथंच. अन् मशीनवर ताई." डॉक्टरांनी कागद बघून होकार दिला. सरांच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. मला वाटलं, राग असेल अजून.

आदल्या दिवशी चार वाजता मी वॉर्डात गेले. सर खाटेवर बसून खिडकीबाहेरच्या ऑटो बघत होते. काकू डबा धुवायला गेल्या होत्या.

"जेवण झालं का सर?"

"झालं. अबोला फक्त तुमच्याशी हाय," ते म्हणाले आणि हसले. "त्या अँपूलचा."

"मग सांगा ना. मोजल्या असत्या तर कळलं असतं."

"कळलं असतं," सर म्हणाले. "म्हणूनच." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "परत आल्यावर सांगतो. आता सांगितलं तर उद्या तुमचं ध्यान माझ्यावर न्हाई राह्यचं, त्या दिवसावर राहील."

म्हणजे त्यांना माहीत होतं. मोजूनच टाकल्या होत्या त्यांनी.

दुसऱ्या दिवशी मी अँपूल तीनदा मोजल्या. सिस्टरला मोजायला लावल्या. भूल देणाऱ्या मॅडमना ट्रे दाखवला. डॉक्टरांनी चिमटा लावला आणि मान वर न करता एकच शब्द म्हणाले, "द्या." मी औषध सोडलं. रेघ एकदा उसळली, पसरली, सरळ झाली. किती सेकंद लागले ते मोजायचं मी विसरले. ज्या माणसाने मला थांबवणं शिकवलं त्याला मी थांबवलं होतं आणि मला फक्त पोटॅशियमची पातळी, तापमान आणि घड्याळ दिसत होतं. दर वीस मिनिटांनी औषध. चार वेळा. तेवढ्या वेळात मी त्यांचा विचार एकदाही केला नाही. याचं वाईट वाटावं की बरं, तेही कळलं नाही.

चिमटा निघाला. गरम रक्त आत गेलं. हृदय पडून राहिलं. डॉक्टरांनी शॉकसाठी हात पुढे केला, तेवढ्यात एक ठोका पडला. मग थांबलं. मग दुसरा. मग आपल्या चालीने चालू लागलं. डॉक्टरांचा पुढे केलेला हात तसाच राहिला होता. मास्कच्या वर त्यांचे डोळे ओले दिसले. डॉक्टर रडतात हे मला ठाऊक नव्हतं. कशासाठी, तेही नाही.

मशीनवर राहिलेल्या काही लोकांना शुद्धीवर आल्यावर दोन-चार दिवस भ्रम होतो. सरांना झाला. मला ते आपली धाकटी बहीण समजत होते आणि अरे-तुरे करत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "तुझ्या बराबर होत्या. सगळ्या होत्या. मीच नळी उशिरा सोडली." मी तिथेच खुर्चीवर बसले. सव्वा वर्षाचं ओझं उतरलं असं वाटलं. जेमतेम तासाभराने त्यांनी सिस्टरला जवळ बोलावलं आणि मी पलीकडे उभी आहे हे न कळून दबक्या आवाजात म्हणाले, "ती पोरगी हाय ना, तिनं टाकल्याच नव्हत्या. सांगू नका तिला. चांगली हाय."

आठव्या दिवशी त्यांना घरी सोडायचं होतं. भ्रम कधीच गेला होता. ते दाढी करून, शर्ट घालून बसले होते आणि मला पुन्हा 'ताई, तुम्ही' म्हणत होते. काकू औषधं आणायला खाली गेल्यावर मी त्यांना दोन्ही वाक्यं सांगितली, शब्दाला शब्द. "यातलं खरं कोणतं सर? परत आल्यावर सांगतो म्हणाला होता."

सरांनी कपाळाला हात लावला. मी त्यांना चिडलेलं पाहिलं होतं, गप्प पाहिलं होतं. असं चाचपडताना कधीच पाहिलं नव्हतं.

"ट्रे आठवतो," ते हळूहळू म्हणाले. "मी मोजून राह्यलो, हे आठवतं. आकडा..." त्यांनी बोटांवर मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. "न्हाई ताई. होता. ऑपरेशनच्या आदल्या दिशीपर्यंत होता. आता न्हाई."

"खरंच?"

"बिलकुल न्हाई." त्यांचे डोळे भरले होते. मी तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवला. जिन्यावर येईपर्यंत तो डळमळला. दहा सेकंदांसाठी नोकरी सोडणारा माणूस एखादा आकडाही सोडू शकतो.

मी जिना उतरले नाही. वर गेले. डॉक्टरांच्या खोलीचं दार ढकललं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं, "डॉक्टर, शाळेच्या बाईंच्या ऑपरेशनला पिशवी मी भरली होती. सरांनी नाही. काय करायचं ते माझं करा."

डॉक्टर रिपोर्ट वाचत होते. त्यांनी चष्मा काढला. "पिशवी?" ते म्हणाले. मग उठून त्यांनी दार लावलं आणि दाराकडेच तोंड करून बोलले. "चिमटा माझा नीट बसला नव्हता. असं मला वाटतं. तो सैल असला की मशीनचं रक्त आत जात राहतं, औषध धुऊन निघतं, हृदय थांबत नाही. ते पिशवी बदलत होते तेव्हा मी चिमटा आणखी एक खाच आवळला. त्यानंतर थांबलं. कशाने थांबलं, मला माहीत नाही. ते 'चूक माझी' म्हणाले आणि मी... मी काहीच म्हणालो नाही."

एका दुपारच्या एका चुकीचे तीन मालक आणि ती कुणाची याचा पत्ता नाही.

"गेले का ते?" डॉक्टरांनी विचारलं.

"गाडी आलीय खाली."

ते तसेच निघाले, थिएटरच्या चपला घालून, पुढच्या पेशंटची वेळ झालेली असताना. मी मागे धावले. दारापाशी अंबडची भाड्याची गाडी उभी होती. मागच्या सीटवर सर आणि काकू बसले होते, टाके दुखू नयेत म्हणून सरांच्या छातीशी उशी धरलेली. डॉक्टर खिडकीशी वाकले आणि बोलायला लागले. मला ऐकू येत नव्हतं, इंजिन चालू होतं. मला फक्त सर दिसत होते. ते आधी ऐकत होते, मग त्यांनी मान नाही अशी हलवली, मग पुन्हा ऐकलं. डॉक्टर बोलतच होते. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी सरांनी हात बाहेर काढून पुढच्या दाराकडे बोट केलं. डॉक्टरांनी एकदा दवाखान्याकडे पाहिलं, दार उघडलं आणि ड्रायव्हरशेजारी बसले.

गाडी अंबडच्या रस्त्याला लागली. सिस्टर धावत बाहेर आली. "अहो, डॉक्टर कुठं गेले? वर पेशंट टेबलावर घ्यायचाय!"

"सरांना घरी सोडायला," मी म्हटलं. आणि वर जाऊन पेशंटच्या नातेवाइकांना सांगितलं की दीड-दोन तास उशीर होईल.